पीक विम्याचा दावा नाकारला गेला : वकील केव्हा लावावा आणि कोणता निवडावा?

कोल्हापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादकांसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करणे गरजेचे आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत आपल्या राज्यात ऊस हे अधिसूचित पीक नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगाकाठचा ऊस कुजला, तेव्हा जी मदत मिळाली ती आपत्ती निवारणाच्या शासकीय निकषांनुसार पंचनाम्यावर मिळाली, विमा कंपनीकडून नव्हे. त्यामुळे बुडालेल्या उसासाठी पीक विम्याची केस चालवतो असे कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडे कागद देऊ नयेत. विम्याचा वाद उभा राहतो तो सोयाबीन, भुईमूग, भात, नाचणी अशा अधिसूचित पिकांचा. शिवाय ट्रॅक्टर, गाई-म्हशी, घर आणि अपघात विम्याचा.

वाद कोणत्या प्रकारचा आहे?

वकील शोधण्याआधी हे ठरवावे, कारण काही वाद वकिलाचे असतात आणि काही नसतात.

भरपाई कमी आली ही सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार. पीक विम्यात एकट्या शेतकऱ्याचे उत्पादन मोजले जात नाही, संपूर्ण विमा क्षेत्राचे, म्हणजे बहुधा महसूल मंडळाचे, मोजले जाते. मागील ७ वर्षांतील चांगल्या ५ वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीम स्तराने (आपल्याकडे ७० टक्के) गुणले की उंबरठा उत्पादन मिळते. समजा उंबरठा उत्पादन हेक्टरी १,२०० किलो आहे, पीक कापणी प्रयोगात ९०० किलो आले आणि विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये आहे. तूट २५ टक्के, म्हणून भरपाई हेक्टरी १२,५०० रुपये. तुमच्या शेतात काहीच पिकले नसले तरी मंडळाचा आकडा हाच राहतो. अशा वेळी एकट्याने वकील लावून फारसे हाती लागत नाही असे माझे मत आहे. कापणी प्रयोगच चुकीचे झाले असतील, तर गावातील किंवा मंडळातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माहिती अधिकारात प्रयोगांचे तक्ते मागवावेत. ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. आकडे हातात आल्यावर वकिलाकडे जावे, त्याआधी नाही.

दुसरा प्रकार नोंदीच्या चुकांचा. बँकेने हप्ता कापला पण पोर्टलवर नोंद केली नाही, गट क्रमांक चुकला, सोयाबीनऐवजी दुसरे पीक लागले, खाते क्रमांकात एक आकडा हुकला. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बँकेच्या चुकीमुळे शेतकरी वंचित राहिला तर जबाबदारी बँकेवर येते. येथे पुरावा कागदावरच असतो, त्यामुळे हे दावे तुलनेने मजबूत असतात. पासबुकातील हप्ता कपातीची नोंद आणि विमा पावती ही दोन कागदपत्रे निम्मे काम करतात.

तिसरा प्रकार ७२ तासांत नुकसानीची सूचना न दिल्याचा. याबाबत उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याचे प्रकरण प्रत्येक कृषी सहायकाला माहीत असावे. खरीप २०२० मध्ये तेथील सोयाबीन अतिवृष्टीने गेले, पण वेळेत सूचना नाही म्हणून लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. महसूल आणि कृषी खात्याने मात्र नुकसानीचे पंचनामे केलेले होते. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ३,५७,२८७ शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. विमा कंपनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. यातून व्यवहारात घ्यायचे ते एवढेच की, पंचनाम्याची प्रत हाताशी ठेवावी. सूचना राहून गेली असली तरी ती प्रत उपयोगी पडू शकते.

मात्र जुने नियम आजच्या हंगामाला लावू नयेत. एक रुपयात विमा ही सवलत खरीप २०२३ पासून होती, ती खरीप २०२५ पासून बंद झाली. त्याच वेळी राज्याने भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर आधारित ठेवली. वन्यप्राण्यांचे नुकसान आणि भात पाण्याखाली जाणे या जोखमी खरीप २०२६ पासून घेण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावड्याकडील शेतकऱ्यांनी त्या हंगामाचा शासन निर्णय वाचूनच पुढचे ठरवावे. वकिलाला पहिल्या भेटीत कोणत्या हंगामाचा शासन निर्णय लागू आहे हे विचारावे. त्याला प्रश्नच समजला नाही, तर दुसरा वकील पाहावा.

वकिलाआधीच्या पायऱ्या

१४४४७ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. त्यानंतर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडे आणि नंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे लेखी अर्ज करावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितले, साहेब बघतो म्हणाले, याला पुढे काही किंमत नसते. कंपनीकडून नकाराचे कारण लेखी मागावे. नकारपत्रात नसलेले नवे कारण कंपनीला नंतर केस चालताना पुढे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात (२०१९) स्पष्ट केले आहे. म्हणून ते एक पानाचे पत्र जपावे.

अर्ज-विनंत्या चालू असताना मुदत थांबत नाही. ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नये.

दाद कोठे मागावी?

बहुतेक प्रकरणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जातात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी कोल्हापुरातच. भरलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. एकाच कारणाने बाधित झालेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. वकील लावण्याची सक्ती नाही. नोंदीची साधी चूक असेल आणि कागद पूर्ण असतील, तर शिकलेला मुलगा किंवा मुलगी सोबत घेऊन स्वतः उभे राहणे शक्य आहे. तांत्रिक वाद, सर्व्हेअरचा विरोधी अहवाल किंवा मोठी रक्कम असेल तर मात्र वकील हवा.

आरोग्य, आयुर्विमा, दुचाकी अशा वैयक्तिक पॉलिसींसाठी पुण्यात विमा लोकपाल आहे. कंपनीचे उत्तर आल्यापासून एका वर्षात तेथे विनामूल्य तक्रार करता येते. तेथे वकील चालतच नाही, त्यामुळे लोकपालाच्या कामासाठी कोणी वकिली फी मागितल्यास देऊ नये. धोरणात्मक किंवा संपूर्ण मंडळाचा प्रश्न असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. त्यासाठी आता मुंबईला जावे लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झाले आहे.

वकील पारखताना

जिल्हा कोर्टाच्या आवारात 'विम्याची कामे करतो' असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांचा अनुभव मोटार अपघात दाव्यांचा असतो. तोही विमाच, पण पीक विमा किंवा जनावरांच्या विम्याशी त्याचा संबंध थोडा. म्हणून किती वर्षे वकिली करता यापेक्षा, ग्राहक आयोगात विमा कंपनीविरुद्ध किती तक्रारी चालवल्या, शेवटचा निकाल कोणता, हे विचारावे आणि त्या निकालाची प्रत पाहायला मागावी. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने न्यायालयातील प्रकरणे शोधता येतात. कोणताही चांगला वकील या चौकशीने रागावत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा : तुम्ही कोणत्या विमा कंपनीच्या किंवा बँकेच्या पॅनेलवर आहात का? कंपन्या आपली कामे ठरावीक वकिलांकडे देतात. त्यात गैर काही नाही, आणि अशा वकिलाला कंपनीची बाजू आतून ठाऊक असते. पण ज्या कंपनीविरुद्ध आपली तक्रार आहे तिच्याच पॅनेलवरचा वकील आपला असू शकत नाही. हे सरळ विचारावे, लाजू नये.

पहिल्या भेटीत कागद न वाचता 'शंभर टक्के पैसे मिळवून देतो' म्हणणारा टाळावा. उलट तुमच्या बाजूतील कच्चा दुवा दाखवणारा वकील कामाचा. पूर किंवा गारपिटीनंतर गावात येऊन सह्या गोळा करणाऱ्या एजंटांपासूनही दूर राहावे. वकिलांना जाहिरात करण्याची आणि मध्यस्थांमार्फत कामे मिळवण्याची नियमाने बंदी आहे.

फी आणि कागद

'मिळेल त्यातले पंचवीस टक्के द्या' हा करार गावोगाव चालतो, पण बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे वकिलाला मना आहे. एकूण फी, टप्पे, टायपिंग-झेरॉक्सचा खर्च आणि अपिलाची फी वेगळी का, हे लिहून घ्यावे. पावती मागावी. हेक्टरी १२,००० रुपयांच्या वादासाठी १५,००० रुपये फी देण्यापेक्षा दहा जणांनी मिळून एक तक्रार केलेली बरी.

कोऱ्या कागदावर सही करू नये. मूळ पावती, पासबुक, सातबारा स्वतःकडे ठेवून प्रती द्याव्यात. वकील बदलायचा झाल्यास फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. वकिलाच्या कामाबद्दल ग्राहक आयोगात मात्र जाता येत नाही (सर्वोच्च न्यायालय, मे २०२४). व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करावी लागते.

फी परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती तसेच पूर, दुष्काळ अशा आपत्तीने बाधित व्यक्तींना मोफत वकील मिळतो, आणि या गटांना उत्पन्नाची अट नाही. हे विस्तार कर्मचाऱ्यांनी आवर्जून सांगावे, कारण पूरग्रस्त शेतकऱ्यालाही हा हक्क आहे हे फार कमी जणांना माहीत असते. अर्ज तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा, दूरध्वनी १५१००. सोबत पंचनाम्याची प्रत जोडावी.

निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात अपिलाची मुदत ४५ दिवस आहे. निकालाची प्रमाणित प्रत मिळाली की त्याच आठवड्यात वकिलाला भेटून अपील करायचे की नाही ते ठरवावे. निकाल बाजूने लागूनही कंपनीने पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. त्याची फी पहिल्या करारात धरली आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.