कोल्हापूरचीं तळीं आणि उन्हाळा

वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे पंख्याची आणि बर्फाची आठवण होणें स्वाभाविक आहे. परंतु हीं साधनें येण्यापूर्वींही माणसें उन्हाळा काढीतच होतीं. आणि तो एकेकट्यानें नव्हे, तर साऱ्या गावानें मिळून काढीत. कोल्हापूरचा इतिहास या दृष्टीनें पाहिला तर कांहीं उपयुक्त गोष्टी हातीं लागतात. त्या आज श्रोत्यांपुढें ठेवावयाच्या आहेत.

प्रथम घरें पाहूं. जुन्या वाड्यांच्या भिंती जाड, मध्यें उघडा चौक आणि सभोंवतीं सोपे. जाड भिंत दिवसाची उष्णता हळूहळू शोषून घेते, त्यामुळें दुपारीं आंतील खोली थंड राहते. आणि तापलेली हवा चौकांतून वर निघून जाते.

घराबाहेरचा आधार पाण्याचा. उत्तरेस आमच्या कसबा बावड्याच्या कडेनें पंचगंगा वाहते, आणि शहरांत पूर्वीं ठिकठिकाणीं तळीं होतीं. रंकाळा आणि कोटितीर्थ आजही आहेत. वरुणतीर्थाच्या जागीं मात्र आज गांधी मैदान आहे, आणि कपिलतीर्थाच्या जागीं भाजीमंडई भरते. असें कां झालें? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कळंबा तलावाचें पाणी नळानें शहरांत आलें. ज्या तळ्यावर कोणी घागर भरावयास जात नाहीं, त्याची निगाही कोणी राखीत नाहीं. साचल्या पाण्यांत डांस होतात, आणि मग तें बुजविणें हेंच आरोग्याचें काम वाटूं लागतें. तेव्हां पूर्वजांना दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु तळें केवळ पिण्याचें पाणी देत नव्हतें. पाण्याची वाफ होतांना भोंवतालची उष्णता खर्च होते, आणि कांठच्या झाडांची सावली जमीन तापूं देत नाहीं. आतां त्या जागीं डांबर आणि सिमेंट आहे. तें दिवसभर तापतें आणि रात्रीं ती उष्णता परत देतें. दाट वस्तीच्या पेठांत रात्रींही निवत नाहीं, याचें एक मोठें कारण हें आहे.

आमच्या रूढींतही हाच सामुदायिक विचार होता. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हें आणि आंब्याची डाळ, अक्षय्यतृतीयेला उदककुंभाचें दान, आणि रस्त्याच्या कडेला पाणपोई. घामावाटें पाण्याबरोबर मीठही जातें. पन्ह्यांतील मीठ व गूळ ती झीज भरून काढण्यास साह्य करतात. आजीबाईंना याचें शास्त्र ठाऊक नसेल, पण व्यवहार अचूक होता.

हें भान सुटलें तर काय होतें, याचें दुःखद उदाहरण आपल्याच राज्यांत आहे. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें एका पुरस्कार समारंभास लाखों लोक भर उन्हांत उघड्या मैदानावर बसले होते. तापमान सुमारें ३८ अंश सेल्सिअस होतें; तें कांहीं उच्चांकी नव्हे. तरीही १४ माणसें दगावलीं. समुद्रकांठच्या दमट हवेंत घाम वाळत नाहीं, आणि घाम वाळला नाहीं तर शरीर निवत नाहीं. म्हणून केवळ पाऱ्याकडे पाहून निर्धास्त राहूं नये. अहमदाबादेनें २०१० च्या उन्हाळ्यांतील मृत्यूंपासून धडा घेऊन २०१३ मध्यें साऱ्या शहरासाठीं उष्णतेशीं सामना करण्याची योजना आंखली. जुन्या गावांचेंच शहाणपण तें, नव्या रूपांत.

उन्हांतून आलेला मनुष्य बरळूं लागला, शुद्ध हरपूं लागली, अंग चटके बसावे असें तापलें, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलींत न्यावें, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लागलीच १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी मात्र घालूं नये. तें श्वासनलिकेंत जाण्याचा धोका असतो.

बुजलेलीं तळीं परत येणार नाहींत. उरलेलीं राखतां येतील. दारांत पाण्याचा माठ ठेवणें, घरीं राबणाऱ्या गड्याला दुपारीं सावलींत बसूं देणें, आणि शेजारीं एकटे राहणाऱ्या वृद्धाची दिवसांतून दोनदां विचारपूस करणें, एवढें तर प्रत्येक घराला साधेल. यासाठीं ना मोठा खर्च लागतो, ना सरकारी हुकूम.