काळीकाठच्या अरण्यातील मुक्काम

माघी पौर्णिमा जवळ आली म्हणजे धारवाडहून हल्याळकडे जाणाऱ्या रस्त्यावर शृंगारलेल्या बैलगाड्या दिसू लागतात. उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या यात्रेस निघालेले हे शेतकरी होत. एका वर्षी हल्याळच्या कोर्टात तारीख असल्यामुळे आम्ही सकाळीच मोटारीने निघालो असता या गाड्यांच्या रांगेमागे आम्हांस बराच वेळ थांबावे लागले. त्या अवधीत एका वृद्ध गाडीवानास आम्ही विचारले, ‘‘अजोबा, आज रात्री मुक्काम कोठे?’’ त्याने कानडीत उत्तर दिले, ‘‘बैल थकतील आणि पाणी दिसेल तेथे.’’

दांडेलीपासून अणशीपर्यंत पसरलेल्या याच अरण्यात आज खोल्या आहेत, तंबू आहेत आणि त्यांची नोंदणी आगाऊ करावी लागते. गाडीवानाच्या मुक्कामापासून या खोलीपर्यंतचा प्रवास हा केवळ बांधकामाचा इतिहास नव्हे. अरण्यात यजमान कोण आणि पाहुणा कोण, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे. वकिलीच्या सवयीने आम्ही त्याकडे हक्काच्या दृष्टीने पाहणार आहोत.

पहिला मुक्काम यात्रेकरूचा. कल्याणातील उलथापालथीनंतर बाराव्या शतकात चन्नबसवण्णा शरणांसह उळवीस आले आणि तेथेच त्यांची समाधी झाली, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या दर्शनास जाणारा माणूस शिधा, भांडी व बैलांची वैरण बरोबर घेऊन निघे. वाटेत एखाद्या कुणब्याच्या ओसरीचा आसरा मिळाला तर उत्तम, न मिळाला तर गाडीखाली घोंगडे. तीन दगडांची चूल, पाणी आणि सावली यांपलीकडे अरण्याकडे त्याचे मागणे नसे. सकाळी तो निघून गेला म्हणजे मागे राख तेवढी उरे.

आमच्या वाचकांस अग्रशाळेची आठवण येथे होईलच. पोर्तुगीज अमलात १५६० च्या सुमारास श्रीमंगेशाचे स्थान कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली आणि कित्येक कुटुंबे घाट चढून किंवा किनाऱ्याने कानडा मुलखात पांगली. पुढे ही कुटुंबे कुलदैवताच्या दर्शनास परत येऊ लागली, तेव्हा त्यांच्यासाठी देवळाच्या प्राकारात अग्रशाळा होत्या. तेथे उतरणारा कुळावी ग्राहक नसे. तो देवाचा पाहुणा असे, आणि म्हणूनच देवस्थानच्या शिस्तीने त्यास राहावे लागे. मुक्काम म्हणजे यजमानाच्या मर्यादेत राहणे, ही समजूत गाडीवान व कुळावी या दोघांचीही होती.

दुसरा मुक्काम साहेबाचा. १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले आणि १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून निघून मुंबईस जोडला गेला. येथील सागवानास तेव्हा मोठी मागणी होती. लाकडाची मोजदाद करावयाची म्हणजे अंमलदारास महिनोन् महिने फिरतीवर राहणे आले, आणि फिरतीसाठी बंगले आले. पाण्याजवळचा उंचवटा पाहून चिऱ्याच्या भिंती उभ्या करावयाच्या, वर कौलारू छप्पर, मध्ये दिवाणखाना, दोन्ही अंगांस खोल्या, भोवती रुंद व्हरांडा आणि मागे सुटे स्वयंपाकघर. एक खानसामा किंवा चौकीदार, आणि टेबलावर उतारूंच्या सह्यांची वही. हवा खेळती, ऊन दूर आणि पावसाचा बंदोबस्त पक्का. या साधेपणाचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

परंतु बंगल्याच्या नियमांत त्याचा खरा स्वभाव दिसतो. पहिला अधिकार कामावरील अंमलदाराचा. खाजगी माणसास परवानगीने जागा मिळे, पण अंमलदार आला की त्याने ती सोडावयाची. साहेबाचे सामान वाहण्यास माणसे, गाड्या, दूध व कोंबड्या लागत, आणि त्या पुरवण्याचे ओझे जवळच्या खेड्यांवर पडे. मराठीत यास वेठ म्हणत, कानडीत बिट्टी. म्हणजे बंगल्यात पाहुणचार होता, पण तो यजमानाच्या खुशीचा नव्हता.

त्याच काळात कायद्यानेही जागा बदलली. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात विनापरवाना शिरणे हा गुन्हा ठरला. वन अधिकाऱ्याने जाहीर केलेल्या काळाखेरीज विस्तव पेटवणे किंवा नेणे हाही गुन्हा ठरला. वणव्याचे भय खरे होते, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि ज्या तीन दगडांच्या चुलीवर यात्रेकरूचा मुक्काम उभा होता, ती चूलच आता सरकारच्या मर्जीवर आली. येथला कुणबी पूर्वी कुमरी पद्धतीने फिरती शेती करी. तीही याच शतकाच्या उत्तरार्धात आवळली गेली. ज्याच्या ओसरीवर पाहुणे उतरत, तोच आपल्या रानात परवान्याचा धनी झाला.

या काळाची दृष्टी आणखी एका कायद्यात दिसते. १८६७ च्या सराई कायद्याने सराई चालवणाऱ्यावर जी कर्तव्ये घातली, त्यांत चोरांना आत येण्याजाण्यास उपयोगी पडतील अशी झाडे व फांद्या काढून टाकण्याचे एक कर्तव्य होते. तो कायदा आमच्या अरण्यासाठी लिहिलेला नव्हता. पण उतारूच्या सुरक्षिततेसाठी झाड तोडावे, असे तेव्हाच्या कायदेकारास वाटत असे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरा मुक्काम सहल करणाऱ्याचा. १९५६ साली दांडेली अभयारण्य झाले आणि १९८७ साली अणशी राष्ट्रीय उद्यान. त्याच सुमारास काळी नदीवर सुपे धरण पुरे झाले. काळी व पांढरी यांच्या संगमावरील जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी जोयड्यास आली, आणि उठलेल्या कुटुंबांपैकी कित्येक रामनगरास वसली. धरणाच्या कामासाठी गणेशगुडीस सुरुंगाच्या दारूचे जे कोठार होते, त्याचे पुढे प्रवासी निवासात रूपांतर झाले. आज पक्षी पाहण्यासाठी दूरदूरचे लोक तेथे उतरतात. सुप्यातील किती उंबरे बुडाले आणि दारूचे कोठार तेवढे निवास म्हणून उरले, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. दांडेलीपासून सुमारे १२ किलोमीटरवर कुळगी येथे व अणशीस वनखात्याच्या छावण्या झाल्या. २००७ साली दोन्ही क्षेत्रे मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ पासून त्यास काळी व्याघ्र प्रकल्प असे नाव आहे.

आता कायद्याचे तोंड उलट्या दिशेस वळले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अभयारण्यात धंदेवाईक निवास बांधण्यास राष्ट्रीय मंडळाची पूर्वसंमती लागू लागली. २०२२ च्या दुरुस्तीने धंद्यासाठी बांधलेले सरकारी निवासही त्याच नियमाखाली आणले. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनास अंतरिम मनाई केली. ऑक्टोबरात नवी मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ती उठली. गाभ्यातील पक्के निवास क्रमाने काढून घ्यावेत आणि लगतच्या भागात गावकऱ्यांनी आपल्या घरी पाहुणे ठेवावेत, असा त्या तत्त्वांचा रोख आहे. ज्या सरकारने बंगले बांधले, त्याच सरकारास आता नव्या बांधकामासाठी पायरी चढावी लागते, हे आम्हांस योग्य वाटते.

मात्र या न्यायाची दुसरी बाजू अजून अपुरी आहे. वाघासाठी अरण्यातील कुटुंबांनी मोबदला घेऊन बाहेर यावे, असे त्यांस सांगितले जाते. कोणी खुशीने जातात, कोणी नाखुशीने. पैसे देऊन एक रात्र घालवणाऱ्यास अरण्यात वाट असावी आणि पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यास नसावी, हे समन्यायाच्या कोणत्याही कसोटीस उतरणार नाही. म्हणून जोयडा तालुक्यात कुणबी कुटुंबे स्वतःच्या घरी पाहुण्यांस उतरवून घेतात आणि आपल्या परसातील कंदमुळे वाढतात, ही गोष्ट आम्हांस केवळ उदरनिर्वाहाची वाटत नाही. ओसरीचा धनी पुन्हा यजमान होत आहे, असा तिचा अर्थ आहे. त्या घरांस कायद्याने अडवण्यापूर्वी सोपे नियम करून द्यावेत, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

आमच्या देवस्थानांनीही यातून काही घ्यावे. अग्रशाळांच्या जागी आता सोयींच्या खोल्या होत आहेत. वृद्धांस त्या हव्याच. पण तेथे उतरणाऱ्याने आपण कोणाचे पाहुणे आहोत हे विसरू नये. त्या दिवशी हल्याळहून परतताना संध्याकाळ झाली होती. सकाळच्या गाड्या एका तळ्याकाठी सुटल्या होत्या, बैल वैरण खात होते आणि तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या. आम्ही मोटार हळू केली आणि पुढे निघालो.