पायांचे कष्ट आणि गाठीचे पैसे

दिवाळीतला पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी आमच्या गावात एक तरी नवी गाडी येते. तिला झेंडूची माळ पडते, हँडलला लिंबू-मिरची लटकते आणि चाकाखाली नारळ फुटतो. गाडी कितीला पडली हा प्रश्न मात्र पेढा तोंडात टाकल्यावरच विचारायचा, असा आमच्याकडचा शिष्टाचार आहे.

गेल्या नवरात्रात आमच्या शाळेचे शिपाई (त्यांना आम्ही सारे मामाच म्हणतो) मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, जुन्या मोटारसायकलीला बॅटरी बसवून घ्यावी म्हणतो. पेट्रोल परवडेना. का नवीच विजेची घेऊ?" प्रश्न दोन ओळींचा, पण त्याचे उत्तर शोधता शोधता मी जवळजवळ दीडशे वर्षे मागे जाऊन पोचलो.

वाचकांना नवल वाटेल, पण विजेवर चालणारी चाके पेट्रोलच्या गाडीहून वयाने मोठी आहेत. १८८१ साली पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे या कारागिराने विजेवर चालणारी तीनचाकी रस्त्यावर आणली. कार्ल बेंझची पेट्रोलवर धावणारी गाडी त्यानंतरची, १८८५-८६ ची. गंमत अशी की त्रूव्हेने नवी गाडी बांधलीच नव्हती. पायांनी मारायची इंग्लिश बनावटीची तीनचाकी त्याने घेतली, तिला मोटर जोडली आणि शिशाच्या बॅटऱ्या चढवल्या. म्हणजे मामांच्या मनात जे होते, तेच त्याने केले होते! पुढे १८९५ च्या ३१ डिसेंबरला ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थाला विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले. मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात आणि बॅटरी मधल्या दांडीखाली, अशी ती रचना. आज बाजारात दिसणाऱ्या कितीतरी विजेच्या सायकलींत मोटर त्याच जागी असते.

मग ही युक्ती शंभर वर्षे अडली कुठे? अडली ती बॅटरीपाशी. एक युनिट वीज साठवायला शिशाच्या बॅटरीचे पंचवीस-तीस किलो ओझे लागते. सायकलस्वाराचे कष्ट वाचवायला बसवलेली वस्तूच त्याला ओढावी लागायची. पेट्रोल त्या मानाने हलके आणि, मुख्य म्हणजे, सुटे विकत मिळणारे. खिशात असेल तेवढ्याचे भरावे आणि पुढे निघावे.

या सुट्या विक्रीने काय केले, ते जपानात पाहावे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तो देश उद्ध्वस्त झाला होता. १९४६ साली हामामात्सु गावात सोइचिरो होंडा यांच्या हाती सैन्याच्या बिनतारी यंत्रांची वीज तयार करणारी लहान इंजिने लागली. युद्ध संपल्यामुळे ती भंगारातच जमा होती. त्यांनी त्यातले एक सायकलीला जोडले. पेट्रोलची टाकी म्हणून पहिल्या गाडीला चक्क अंथरुणात शेकायची गरम पाण्याची बाटली लावली, आणि गाडी चालवून पाहायला दिली ती पत्नीच्या हाती. सुमारे पाचशे इंजिने होती. ती हां हां म्हणता खपली. पुढे १९५२ साली सायकलीला जोडायचे नवे इंजिन त्यांच्या कंपनीने २५ हजार येनला विकायला काढले आणि देशभरातल्या सायकलच्या दुकानदारांना पत्रे धाडली. सायकल गिऱ्हाइकाची, इंजिन होंडाचे! अर्धी गाडी घरात असलेल्या माणसाला उरलेली अर्धी विकायची, हे त्या धंद्याचे मर्म.

आपल्याकडे तो मान मिळाला लूनाला. १९७२ साली कायनेटिक कंपनीने तेव्हाच्या अहमदनगरच्या कारखान्यातून ही पायडल असलेली मोपेड बाजारात आणली. किंमत दोन हजार रुपयांच्या आसपास. सायकलीला कराचा बिल्ला लावणारा आणि दिवा नसला की पोलीस दिसताच खाली उतरणारा आपला मध्यमवर्ग प्रथमच पाय न हलवता कचेरीला पोचू लागला. पेट्रोल संपले तर पायडल होतेच. तीच लूना विजेची होऊन २०२४ च्या फेब्रुवारीत परत आली. या वेळी किंमत सत्तर हजारांच्या घरात.

मधल्या काळात बॅटरी बदलली होती. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली. १९९३ साली यामाहाने जपानात पायडलला मदत करणारी विजेची सायकल काढली, तीत मात्र अजून शिशाचीच बॅटरी होती. खरी उलथापालथ झाली भावात. २०१० साली एक युनिट वीज साठवणाऱ्या लिथियम बॅटरीला जगाच्या बाजारात हजार डॉलरच्या वर पडत. २०२४ मध्ये तोच सरासरी भाव ११५ डॉलरच्या आसपास आला. एवढी घसरण सोन्याच्या भावात झाली असती, तर गल्लीगल्लीत लग्ने निघाली असती!

सरकारनेही हात दिला. केंद्राची मदत बॅटरीच्या मापाने मिळे. २०२१ च्या जूनपासून दुचाकीला दर युनिटमागे १५ हजार रुपये, २०२३ च्या जूनपासून १० हजार, २०२४ च्या एप्रिलपासून ५ हजार आणि २०२५ च्या एप्रिलपासून अडीच हजार, अशी ती उतरत गेली. विजेच्या गाडीवरचा जीएसटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांवरून ५ वर आला. पण पायांनी मारायच्या साध्या सायकलीवर २०२५ च्या २२ सप्टेंबरपर्यंत १२ टक्केच कर होता. सहा वर्षे मोटरवाल्याला पाच आणि घाम गाळणाऱ्याला बारा, हा न्याय आमच्या वर्गातल्या सायकलवरून येणाऱ्या मुलींना मी कसा समजावला असता, देव जाणे.

आता मामांचा हिशेब. २०२१ साली ठाण्याच्या एका कंपनीने स्प्लेंडरला बसवायचे विजेचे किट आणले. नुसते किट ३५ हजारांचे. कर आणि बॅटरी धरून खर्च सुमारे ९५ हजार. नवी कोरी स्प्लेंडर तेव्हा शोरूममध्ये ६५ हजारांच्या आसपास मिळत होती! होंडांच्या काळी जोडायची वस्तू स्वस्त आणि इंधन महाग होते. आता इंधन स्वस्त, आणि ते ठेवायचे भांडे महाग. बॅटरी विकत घेणे म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांच्या पेट्रोलचे पैसे आजच एका रकमेने मोजणे.

मी फळ्यावर गणित मांडले. शंभर किलोमीटरला मोटारसायकल दोन लिटर पिते. शंभराचा भाव धरला तरी दोनशे रुपये. विजेला तीन युनिट, दहाच्या भावाने तीस रुपये. शंभर किलोमीटरमागे १७० रुपये वाचतात. मामांचे जाणे-येणे रोज २० किलोमीटर, महिन्याचे ५००. बचत साडेआठशे. ९५ हजार फिटायला नऊ वर्षांहून अधिक लागतील, आणि तोवर ती बॅटरी टिकेल याचा भरवसा कोणी द्यावा?

मामांचा चेहरा उतरला. मग ते हळूच म्हणाले, "आणि पोराचं, गुरुजी?" त्यांचा मुलगा तालुक्याला घरपोच पार्सले वाटतो, दिवसाला शंभर किलोमीटर सहज होतात. त्याची महिन्याची बचत सव्वाचार हजार. तेवढाच खर्च त्याचा दोन वर्षांच्या आत फिटतो.

हे गणित पुसताना माझा हात थांबला. विजेच्या गाडीचा सर्वांत जास्त फायदा ज्याला, त्याच्या गाठीशी लाख रुपये एकरकमी नसतात. म्हणून तो रोज दोनशेचे पेट्रोल भरतो आणि दोन वर्षांच्या आत तेवढेच मोजून मोकळा होतो. ज्याच्याजवळ लाख असतात, त्याला सवलत मिळते आणि त्याची गाडी बहुतेक वेळ अंगणात उभी असते. गरिबाला वस्तू सुटी मिळते म्हणून परवडते, आणि सुटी घेतो म्हणूनच महाग पडते. किराणा दुकानातल्या पावशेर तेलाची ही जुनी कथा आता रस्त्यावर आली आहे.

मामांनी आपली मोटारसायकल तशीच ठेवली. मुलासाठी नवी विजेची गाडी घ्यायचे ठरले आणि गावच्या पतसंस्थेने कर्ज दिले. महिन्याचा हप्ता पेट्रोलच्या बचतीच्या आत बसतो. बॅटरी कधी ना कधी बदलावी लागणार, म्हणून मामींनी दरमहा पाचशे रुपये पोस्टात वेगळे टाकायचे कबूल केले आहे. एका लेखकाची सही पतसंस्थेत चालते का, याची मला शंका होती. पण मास्तरची चालली. जामीनदार म्हणून खाली नाव माझे आहे.

या पाडव्याला मामांच्या दारात माळ पडेल. मी पेढा खायला जाणार आहे. गाडी कितीला पडली, हे या खेपेला मला विचारावे लागणार नाही.