तळटीप : ‘ओसी-४८’ म्हणजे किती वेग?

* मूळ मजकुरात वेग नुसता ‘ओसी-४८’ असा आहे. ‘ओसी’पुढचा आकडा म्हणजे ५१.८४ मेगाबिटची पट. सोनेट या अमेरिकी मानकात मूळ चौकट ९ ओळी आणि ९० स्तंभांची, म्हणजे ८१० बाइटची असते. अशा ८,००० चौकटी दर सेकंदाला जातात. हे ८,००० टेलिफोनकडून आलेले, कारण आवाजाचे सेकंदाला तेवढेच नमुने घेतले जात. ८१० × ८ × ८,००० = ५ कोटी १८ लाख ४० हजार बिट. त्याची ४८ पट २,४८८.३२ मेगाबिट, बोलताना सर्रास म्हणतात ते ‘अडीच गिगाबिट’ ही गोळाबेरीज आहे. मेगाबाइट हवे असल्यास आठाने भागावे : ३११.०४. त्यातही ९०पैकी ३ स्तंभ वाहतुकीच्या देखरेखीतच खर्ची पडतात, हे विसरू नये. भारतात रूढ असलेले ‘एसटीएम-१६’ याच वेगाचे.