‘क’च्याच कळीवर ‘ख’ : इनस्क्रिप्टची कुळकथा

संगणक मंद चालतो अशी तक्रार आली की उपाय ठरलेले असतात : रॅम वाढवा, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. दोन्ही उपाय खरे आहेत. पण खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी संगणकावरचे बरेचसे काम म्हणजे मराठी मजकूर : अर्ज, दाखले, फेरफार, ग्रामपंचायतीचे ठराव. तिथे यंत्र कितीही वेगवान असले तरी बोटे अक्षरे शोधत राहिली, तर तो वेग वायाच जातो.

याच तालुक्यातली गावे घ्या : वेरूळ, म्हैसमाळ, टाकळी राजेराय. तिन्हींत ‘ळ’ आहे. रोमन अक्षरांतून मराठी उमटवायचे म्हटले तर ‘ल’ आणि ‘ळ’ दोघांच्याही वाट्याला बहुधा एकच ‘एल’ येतो. मग पर्यायांच्या यादीतून नेमका शब्द निवडायचा. दिवसभरात ही थांबाथांब किती वेळा होते, ते टंकणाऱ्यालाच ठाऊक. या दुखण्यावरचा उपाय तीसहून अधिक वर्षांपूर्वीच प्रमाण ठरला आहे. त्याचे नाव इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळफलकाची रचना.

त्याआधी राज्य होते ते टंकयंत्राचे. कळा मोजक्या आणि जोडाक्षरे अमाप, त्यामुळे देवनागरी अक्षरे तिथे आकारानुसार तोडली गेली. आधी अर्धा ‘ख’ आणि मग काना, असा पूर्ण ‘ख’ तयार व्हायचा. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती अक्षराआधीच मारायची. रेमिंग्टन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेवर कारकुनांच्या पिढ्या तयार झाल्या. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठीचे मिनिटाला ३० शब्द लागतात, ते कित्येकांनी याच रचनेवर कमावले.

संगणक आला तेव्हा ही सवय सोबत आली. कृतिदेव, शिवाजी अशा फॉण्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘खुलताबाद’ दिसायचे, पण फाइलीत साठायचे ते चौकटी कंस, के, क्यू, वाय, आर अशा रोमन खुणांच्या रूपात. फॉण्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की तेच गबाळ समोर यायचे. गावाचे नाव मराठीत टाकून शोध घेता येत नसे, की नावांची यादी अकारविल्हे लागत नसे.

दुसरी वाट निघाली आयआयटी कानपूरमधून. प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे भारतीय लिप्यांवर काम झाले आणि त्यातूनच मोहन तांबे यांचे जिस्ट तंत्रज्ञान पुढे आले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये कळफलकाची रचना ठरवली आणि १९८८मध्ये ती सुधारली. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक उभी राहिली. ‘परम’ महासंगणक घडवणाऱ्या या संस्थेने जिस्ट कार्डाच्या रूपाने साध्या पीसीलाही भारतीय लिप्या दिल्या. पुढे १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या मानकात इनस्क्रिप्टला स्थान दिले.

या रचनेचा पाया आकार नव्हे, उच्चार. आपल्या लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एका घराण्याची आहे. म्हणून ‘के’च्या कळीवर ‘क’ आणि शिफ्ट दाबून ‘ख’. ‘आय’वर ‘ग’ आणि शिफ्टने ‘घ’. काना आणि ‘आ’ एकाच कळीवर. तेलुगू, कन्नड, गुजरातीतही ‘क’ त्याच जागी सापडतो. बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, तर स्वर आणि हलन्त डाव्या हाताला. म, न, व अशी थोडी व्यंजने तेवढी डावीकडे खालच्या ओळीत आहेत.

आता ‘खुलताबाद’ लिहून पाहा : शिफ्टसह के, मग जी, एन, एल, ई, वाय, ई, ओ. आठ कळा, आणि बहुतेक ठिकाणी हात आळीपाळीने चालतात. एक हात कळ दाबतो तोवर दुसरा पुढच्या कळीवर पोचतो. वेग येतो तो इथून. ‘वेरूळ’ला पाचच कळा लागतात, कारण ‘ल’च्या कळीवर शिफ्ट दाबले की ‘ळ’. ‘शेतकऱ्याचा’ लिहिताना लागणारा ‘ऱ’ही ‘र’च्याच कळीवर आहे.

जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेतप्रणालीने १९९१मध्ये देवनागरीची मांडणी भारतीय मानकाच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली. विंडोज २०००पासून इनस्क्रिप्ट विंडोजमध्येच मिळू लागली. ज्यांचा हात रेमिंग्टनवर बसला आहे, त्यांनी तो मोडायचे कारण नाही. त्या रचनेनेही आज युनिकोड लिहिता येते, आणि जुन्या फॉण्टातल्या फाइली युनिकोडमध्ये आणताही येतात. पण नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींना आधी रोमनचा वळसा घालायला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा. विंडोज कळ आणि स्पेस बार एकत्र दाबले की कळफलक बदलतो. खर्च शून्य. खुलताबादच्या संगणक वर्गांनी, सेतू केंद्रांनी आणि शाळांनी पहिल्या आठवड्यातच मुलांची बोटे ‘के’वरच्या ‘क’वर ठेवावीत. नवी रॅम मागाहून घेता येईल.