आजोबांचा दुसरा पेसमेकर

आजचा भाग थोडा घरचा आहे.

माझे आजोबा सोलापूरचे. आयुष्यभर यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. २०१५ पासून त्यांच्या छातीत पेसमेकर आहे. गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बॅटरी संपत आलीय. घाबरायचं कारण नाही, पण तीन महिन्यांच्या आत बदलून घेऊ." घरी आलो आणि मी लगेच लॅपटॉपवर नव्या मॉडेल्सचा तक्ता करायला बसलो. इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार! एमआरआय चालतो का, मोबाइलला जोडता येतो का, वायरशिवायचा मिळतो का... सतरा रकाने झाले. आजोबांनी चष्मा लावून तो बघितला आणि विचारलं, "ह्यात यंत्र किती वर्षं चालतंय ते कुठं लिहिलंय?"

तो रकाना अकरावा होता.

मग मी पेसमेकरचा इतिहास वाचायला घेतला, आणि लक्षात आलं की आजोबांचा प्रश्न हाच या यंत्राचा इतिहास आहे.

८ ऑक्टोबर १९५८, स्टॉकहोम. आर्ने लार्सन नावाच्या ४३ वर्षांच्या माणसाचं हृदय दिवसातून वीस-तीस वेळा थांबल्यासारखं व्हायचं, तो बेशुद्ध पडायचा. त्याच्या बायकोने सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनियर रूने एल्मक्विस्ट यांच्या मागे लागून यंत्र बनवून घेतलं. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ते ओतलं होतं, बरं का! शरीराच्या आत बसवलेला हा जगातला पहिला पेसमेकर. तो काही तासांतच बंद पडला. दुसरा लावला, तोही फार टिकला नाही. पण लार्सन टिकले. पुढच्या ४३ वर्षांत त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले. २००१ मध्ये ८६ व्या वर्षी ते गेले, तोवर सर्जन आणि इंजिनियर दोघंही जाऊन झाले होते.

सव्वीस यंत्रं म्हणजे छाती किती वेळा उघडली असेल, विचार करा. पेसमेकरची बॅटरी भिंतीवरच्या घड्याळासारखी काढून घालता येत नाही. ती सीलबंद असते, त्यामुळे अख्खी डबीच बदलावी लागते. सुरुवातीचे पाऱ्याचे सेल जेमतेम दोनेक वर्षं चालायचे. जास्त टिकावं म्हणून १९७० मध्ये पॅरिसमध्ये चक्क प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसवला गेला. खरी सुटका केली ती लिथियम-आयोडीन बॅटरीने. अमेरिकन इंजिनियर विल्सन ग्रेटबॅच यांनी ती पेसमेकरसाठी तयार केली आणि १९७२ पासून ती माणसांत बसू लागली. आयुष्य दोन वर्षांवरून कितीतरी पुढे गेलं.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. अमेरिकेत वारलेल्या लोकांचे पेसमेकर, नातेवाइकांच्या संमतीने काढून घेऊन, मुंबईत आणले गेले. अमेरिकेत ते पुन्हा वापरायला परवानगी नव्हती. इथे ज्यांना नवं यंत्र परवडणारच नव्हतं अशा ५३ रुग्णांना ते निर्जंतुक करून होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये बसवले. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र निवडताना मुख्य बघायचं काय होतं? आत बॅटरी किती शिल्लक आहे ते. मॉडेल नवं की जुनं, हा प्रश्नच नव्हता.

मग नव्या सोयी बिनकामाच्या का? तसं नाही. पण बदलताना एक गोष्ट मला माहीत नव्हती. डबी नवी येते, हृदयात गेलेल्या वायर मात्र बहुतेक वेळा जुन्याच राहतात. त्यामुळे डबीवर 'एमआरआय चालतो' लिहिलेलं असून पुरत नाही. त्या जुन्या वायरही त्या डबीसोबत मंजूर असाव्या लागतात. आमच्या भाषेत बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. आजोबांच्या भाषेत, "धोटा बदलतोय रे, माग तोच हाय."

आणि दुसरी गोष्ट: पहिल्यांदा बसवताना असतो त्यापेक्षा डबी बदलताना जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. म्हणून प्रत्येक टळलेलं ऑपरेशन ही कमाई. आजोबा आता ७८ वर्षांचे आहेत. या डबीनंतर तिसरी लागू नये, असं घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच आहे.

पुढच्या भेटीला आम्ही पेसमेकरचं कार्ड घेऊन गेलो आणि तीनच प्रश्न विचारले. जुन्या वायर चांगल्या आहेत का? त्यांच्याबरोबर कुठलं यंत्र एमआरआयला चालेल? त्यातलं जास्त वर्षं टिकणारं कुठलं? रक्त पातळ करायच्या गोळीचं काय करायचं, तेही डॉक्टरांनाच विचारलं. आपल्या मनाने बंद केली नाही. वायर ठीक आहेत, त्यामुळे बिनवायरच्या यंत्राचा विषय तिथेच संपला. मोबाइल ॲपही नको ठरलं, आजोबांकडे अजून बटणांचाच फोन आहे.

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे. तक्त्यात मी आता चारच रकाने ठेवलेत, आणि अकरावा होता तो पहिला केलाय.

तुमच्या घरी कुणाला पेसमेकर असेल तर आज एक काम करा: ते कार्ड कुठे ठेवलंय, ते शोधून काढा. भेटू पुढच्या भागात.