प्राचीन रोममधील शैशव : शोकाचे नियम आणि साधनांचे मौन

प्रस्तावना

प्राचीन रोमचा इतिहास आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा प्रजासत्ताक, सम्राट आणि साम्राज्यविस्तार यांच्या अनुषंगाने शिकविला जातो. पाळण्यातल्या मुलाला त्यात स्थान नसते. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांचा बाल्यावस्थेच्या इतिहासावरील ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या चर्चेत एक मत रूढ झाले. बालमृत्यूचे प्रमाण मोठे असलेल्या समाजांत आईवडील तान्ह्या मुलांत फारसा जीव गुंतवीत नसत, असे ते मत होय. अभ्यासकांच्या अंदाजानुसार रोमन जगात जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांश मुले वर्षाच्या आत दगावत. त्यामुळे हे मत रोमन समाजालाही सहज लागू केले गेले. ते उपलब्ध साधनांच्या कसोटीवर कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टप्प्याटप्प्याने होणारा स्वीकार

लॅटिनमध्ये लहान मुलास 'इन्फान्स' म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ 'ज्याला बोलता येत नाही तो' असा आहे. मुलीचे नाव आठव्या आणि मुलाचे नवव्या दिवशी ठेवले जाई. या शुद्धीकरणाच्या दिवसानंतरच मूल कुटुंबाचे नामधारी सदस्य होई. पुढील प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र देवता होती. पाळण्याची कुनिना, स्तनपानाची रुमिना, पिण्याची पोटिना आणि अन्नग्रहणाची एदुका अशी ही नामावली आहे. संत ऑगस्टीनने या देवतांचा उपहास केला. परंतु त्याच उपहासामुळे त्यांची माहिती आपल्यापर्यंत पोहोचली. ज्या समाजाला तान्ह्या मुलाविषयी आस्था नाही, तो त्याच्या पहिल्या घोटासाठी आणि पहिल्या घासासाठी वेगवेगळ्या देवता कशाला कल्पील?

वैद्यकीय ग्रंथही हेच सुचवितात. इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरानसने अर्भकाला मऊ कापडी पट्ट्यांत गुंडाळणे, न्हाऊ घालणे, दात येणे आणि दूध तोडणे यांविषयी तपशीलवार सूचना दिल्या आहेत. दूध पाजण्यासाठी ठेवावयाची दाई २० ते ४० वर्षे वयाची आणि दोन-तीन बाळंतपणे झालेली असावी, असे तो सांगतो. मात्र त्याच ग्रंथात कोणते नवजात अर्भक वाढविण्यायोग्य आहे, हे ओळखण्याची लक्षणेही दिलेली आहेत. काळजी आणि निवड या दोन्ही गोष्टी तेथे शेजारी शेजारी नांदतात.

अपत्यत्यागाचे वास्तव

ही निवड केवळ ग्रंथात नव्हती. इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे सापडलेल्या इ.स.पू. १ मधील एका पत्रात हिलारिऑन नावाचा मजूर आपल्या गर्भवती पत्नीला कळवितो की, मुलगा झाला तर राहू द्यावा, मुलगी झाली तर टाकून द्यावी. त्याच पत्रात तो घरातल्या लहानग्याची काळजी घेण्यासही सांगतो. एका मुलाविषयीची माया आणि दुसऱ्या, अजून न जन्मलेल्या मुलीला नाकारणे ही एकाच माणसाची लेखणी आहे. अर्भकहत्या हा देहदंडास पात्र गुन्हा असल्याचे इ.स. ३७४ च्या कायद्याने घोषित केले. तोपर्यंत साम्राज्याच्या इतिहासाची कित्येक शतके उलटून गेली होती.

शोकाचे नियम आणि प्रत्यक्ष शोक

उदासीनतेच्या सिद्धान्ताचा मुख्य आधार म्हणजे शोकासंबंधीचे नियम. प्लुटार्कच्या मते, तीन वर्षांखालील मुलासाठी सुतक पाळू नये, असा नियम राजा नुमाने घालून दिला होता. वर्षाच्या आतील मुलाचा कोणताही औपचारिक शोक नसावा, असे पुढे विधिज्ञ उल्पियनही सांगतो. परंतु हे नियम सार्वजनिक आचाराचे आहेत. पोशाख, समारंभ, विवाह यांवर येणारी बंधने कोणासाठी आणि किती काळ पाळावीत, एवढेच ते ठरवितात. घरात कोण किती रडले, हे नियमांवरून कळत नाही.

सिसेरोचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पाळण्यातले मूल गेले तर तक्रारही करू नये, असे लोक मानतात, हे त्याचे इ.स.पू. ४५ मधील विधान वारंवार उद्धृत होते. मात्र अशा मुलाकडून तर निसर्गाने आपले देणे अधिक निष्ठुरपणे परत घेतले, अशी पुस्ती तो लगेच जोडतो. ही पुस्ती बहुधा वगळली जाते. मार्कस ऑरेलियसचा शिक्षक फ्रोन्टो याने पाच अपत्ये लहानपणीच गमावली. दर वेळी जाणारे मूल हे एकुलते एक असे. त्याचा तीन वर्षांचा नातूही दगावला, तेव्हा त्याने सम्राटाला लिहिलेल्या पत्रात आपले दुःख मोकळे केले आहे. ही पत्रे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, मूळ मजकूर खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रांवर अँजेलो माई यांना सापडली. ती सापडली नसती तर फ्रोन्टोचाही समावेश आपण उदासीन पित्यांत केला असता.

दफनभूमीचा पुरावा

कोरीव लेखांत वर्षाच्या आतील मुले फार थोडी आढळतात. अशा लेखांवरून मृत्यूचे प्रमाण कळत नाही, स्मारक कोणाचे उभारण्याची प्रथा होती हे कळते, ही बाब कीथ हॉपकिन्स यांनी १९६६ मध्ये स्पष्ट केली. दात न आलेल्या मुलाचे दहन करीत नसत, असे थोरला प्लिनी नोंदवितो. अशा मुलांना पुरले जाई. इटलीतील लुन्यानो येथे एका पडक्या वाड्यात पाचव्या शतकातील ४७ अर्भकांची दफने उत्खननात मिळाली. तेथील एका बालकाच्या अस्थींतील जनुकीय द्रव्यात हिवतापाच्या घातक प्रकाराचा पुरावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलांच्या थडग्यांतून मिळणारी दुधाची चोचीची भांडी आणि ताईत यांतून, लेख न कोरताही निरोप देता येतो, हे दिसते.

समारोप

रोमन समाजाने अर्भकाला जन्मतःच पूर्ण व्यक्ती मानले नाही. हे स्थान त्याला नाव, दात, वाचा यांच्या क्रमाने मिळत गेले. मात्र सामाजिक स्थान उशिरा मिळणे आणि माया नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उदासीनतेचा सिद्धान्त या दोहोंची गल्लत करतो. त्याचबरोबर रोमन आईवडिलांचे भावुक चित्र रंगविणेही योग्य ठरणार नाही, कारण टाकून दिलेल्या मुली आणि गुलामांची मुले यांच्या वाट्याला ना लेख आले ना पत्रे. ज्यांना बोलता येत नव्हते त्यांचा इतिहास लिहिताना साधनांचे मौन हे भावनेचे मौन समजू नये, एवढी दक्षता इतिहासकाराने घ्यावयास हवी.